ताईचं चूर्ण

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई सतराची. त्यानंतर माझी वेणी ताईने घातली, परीक्षेला निघताना हातावर दही ताईने ठेवलं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा काय करायचं तेही तिनेच सांगितलं. वडील होते, पण त्यांचा दिवस मिठागरावर जायचा. ताईने शाळा सोडली आणि मी एम.एस्सी. झाले. आमच्या घरात या दोन गोष्टी नेहमी एकाच दमात सांगितल्या जात, म्हणून मीही इथे तशाच लिहिल्या.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते परक्या माणसाने केलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध तक्रार करून मोकळी झाले असते.

पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही. नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये एकटी राहते. आईचा दमा माझ्याकडे तिशीत आला. पंप ओढायचा, धुळीच्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधायचा, असं करत वर्षं निघाली. पण सहा वर्षांपूर्वी आमच्या बाजूला चहूकडे बांधकामं सुरू झाली आणि त्या वर्षी मला तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी पंप बदलून दिला होता. तो मी धड घेत नव्हते, हेही खरं.

ताईचं सासर पनवेलजवळच्या विचुंब्याचं. तिची सासू दम्यावर आणि सांधेदुखीवर चूर्ण द्यायची. अडुळसा, पिंपळी, सुंठ, आणखी काय काय. लांबून माणसं यायची. सासू वारल्यावर ते काम ताईकडे आलं. मी ते कधी घेतलं नव्हतं. विज्ञानाची मास्तरीण म्हणून माझी एक ऐट होती. ताईनेही आग्रह केला नव्हता.

त्या वर्षी एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले आणि तिच्या ओटीवरच बसले. बोलताच येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून श्वास घेत होते. आई तशीच बसायची. ताईने मला तसं पाहिलं आणि ती आत गेली. बाहेर आली ती डबा घेऊनच.

"घे," ती म्हणाली. "आईला द्यायला माज्याकडं कायसुदीक नव्हतं."

मी घेतलं. रंग पांढरट, चव कडू. चार दिवसांनी मी एका दमात तिसरा मजला चढले. वर पोचल्यावर खिडकीत उभी राहून मी मुद्दाम मोठ्याने श्वास घेऊन पाहिला. शिट्टी नव्हती. भूक लागायला लागली. झोप थोडी कमी झाली, पण अंगात असा हुरूप होता की झोपेची आठवणच आली नाही. पंप मी कपाटात मागे सारला.

पुढची पाच वर्षं रोज सकाळी अर्धा चमचा चूर्ण मधातून घ्यायचं, हे माझ्यासाठी दात घासण्यासारखं झालं. मी त्याचं कौतुक करायला लागले. स्टाफरूममध्ये म्हणायचे की आपल्या बायकांना जे ठाऊक होतं त्याची परीक्षा घ्यायची अक्कल आपल्याला अजून आलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक मावशी आहेत. बरण्या पुसणं, सूक्ष्मदर्शक लावून ठेवणं, मुलांच्या हातून फुटलेलं उचलणं ही त्यांची कामं. त्या उरणकडच्या, खाडीकाठच्या गावातून येतात आणि त्यांचे गुडघे फार दुखायचे. मी त्यांना स्वतः ताईकडे घेऊन गेले. महिनाभरात मावशी जिना उतरताना कठडा धरेनाशा झाल्या, आणि त्यांनी मला ताज्या करंदीचा, त्या बारीक कोलंबीचा, डबा आणून दिला.

माझा चेहरा गोल झाला. सगळे म्हणायचे, बाळसं धरलंय. पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक झाले. टेबलाची कड जरा लागली की दंडावर जांभळा डाग उमटायचा. साखर वाढली, रक्तदाब वाढला, दोन्हींच्या गोळ्या सुरू झाल्या. मी म्हणायचे, वय.

आणि दर वर्षी मी तो धडा शिकवत होते. शरीराचा तोल कसा राखला जातो, तो धडा. मला तो फार आवडतो. रक्तातली साखर, मीठ, पाणी, दाब, उष्णता या सगळ्यांवर कुणीतरी अखंड लक्ष ठेवून आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, हे मुलांना सांगताना मला स्वतःलाच दर वर्षी नवल वाटतं. मी फळ्यावर मेंदू काढायचे, त्याखाली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी, आणि खाली दोन मूत्रपिंडं टोप्या घातल्यासारखी. त्या टोप्या म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. वरून हुकूम आला की त्या कॉर्टिसॉल बनवतात. ताप, जखम, उपास, भीती, काहीही आलं तरी माणूस त्याच्या बळावर उभा राहतो. रक्तात ते पुरेसं झालं की वरचा हुकूम आपोआप कमी होतो.

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं की बाहेरूनच कॉर्टिसॉलसारखं औषध दिलं तर काय होईल. मला तो प्रश्न इतका आवडला की मी खडू ठेवून तिच्याकडे वळले. सांगितलं, वरच्या ग्रंथीला वाटेल रक्तात भरपूर आहे, ती हुकूम देणं बंद करेल, आणि खालच्या ग्रंथी काम नसल्यामुळे आकसत जातील. मग बाहेरचं औषध एकाएकी बंद केलं तर आत बनवणारं कुणीच नसेल. माणूस दगावू शकतो. हे सगळं मी बरोबर सांगितलं. दंडावरचा डाग झाकायला त्या दिवशी मी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ताई बडोद्याला गेली, मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. माझ्या या भाचीलाही लहानपणापासून दमा आहे. आमच्या घरातलाच तो. ताई महिन्याने येणार होती, पण भाचीला नवव्या महिन्यात धाप लागायला लागली म्हणून ती राहिली. फोनवर म्हणाली, डॉक्टरने पंप चालूच ठेवायला सांगितलाय, काळजी नाय. तिने मला दिलेल्या पुड्या संपत आल्या होत्या. मी डोस निम्मा केला. मग त्याच्याही निम्मा. मग एक दिवस डबा उलटा करून झटकला.

आठ-नऊ दिवसांत मी वेगळीच बाई झाले. सकाळी उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी. अन्न समोर आलं की मळमळ. हातपाय दुखून यायचे, ताप आल्यासारखे. श्वासही परत शिट्टी वाजवायला लागला, म्हणून मी कपाटातला जुना पंप शोधून काढला आणि समजूत घातली की हे सगळं दम्याचंच आहे. अकरावीचं प्रात्यक्षिक चालू असताना मी एका मुलीच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि सरळ उभी राहिलेच नाही. नंतर कळलं की मावशींनी मला खाली झोपवलं, ओकारी पुसली आणि दोन मुलींच्या मदतीने रिक्षात घालून जवळच्या इस्पितळात आणलं.

रक्तदाब लागत नव्हता. साखर, जी वाढली म्हणून मी गोळी घेत होते, ती पार खाली गेली होती. सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी हॉर्मोनच्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, दंड पाहिले, पोटावरचे जांभळे चरे पाहिले आणि शांतपणे विचारलं की मी स्टेरॉइड किती वर्षं घेते आहे.

मी म्हणाले, घेत नाही. त्यांनी विचारलं, गोळी, मलम, सांध्यात इंजेक्शन? नाही. आयुर्वेदिक, घरगुती काही?

"घरचं चूर्ण आहे," मी म्हणाले. "माझी सख्खी बहीण बनवते."

पत्रकावर त्यांनी काहीतरी लिहिलं. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मला समजेल हे त्यांना माहीत होतं. कॉर्टिसॉल जवळजवळ नाही. आणि वरचा हुकूमही नाही. ग्रंथीचा आजार असता तर वरून आरडाओरडा चालू असता. इथे दोन्हीकडे सामसूम होती. माझ्या गोल चेहऱ्याशी जोडून पाहिलं की याला कारण एकच उरतं, आणि ते मी फळ्यावर लिहिलेलं होतं.

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, ती आधी त्या डॉक्टरची, मग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीची. ताईचा राग यायला दोन दिवस लागले. तोवर मी तिच्यासाठी सबबी शोधत होते. तिलाही कुणीतरी फसवलं असेल. पिंपळीच कुठून तरी भेसळीची आली असेल.

मावशी रोज कॉलेज सुटल्यावर यायच्या. एकदा मुगाचं कढण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ताई आल्या की चूर्ण घ्या हो, त्याच्याशिवाय तुमचं असं झालं. खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ताईशी बोलल्याशिवाय ताईचं नाव कसं घालवायचं, असं मनात आलं आणि मी एवढंच म्हणाले की बघू. मावशींच्या घरी तेव्हा आठवडाभराचं चूर्ण असेल. ते मी विचारलंही नाही.

मी इस्पितळातून घरी आल्यावर दहा दिवसांनी ताई बडोद्याहून परतली आणि मी विचुंब्याला गेले. ती ओट्याशी तांदळाची भाकरी थापत होती. नातीचे फोटो दाखवायला म्हणून हात धुवायला निघाली. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. तिला तो वाचता येणार नव्हता, म्हणून मी सांगितलं.

तिने तवा उतरवला. नाकारलं नाही. म्हणाली, सासूबाई होत्या तेव्हा नुसतीच पाल्याची पूड असायची. गुण यायला महिनोन्‌महिने लागायचे, माणसं परत यायची नाहीत. मग औषधं पोचवणारा एक माणूस गोळ्या देऊन गेला. दोन गोळ्या कुटून एका पुडीत. माणसं चौथ्या दिवशी हसत आली. सासूबाईंच्या हाताला कधी आला नव्हता एवढा गुण माझ्या हाताला आला, असं ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात अजूनही कौतुक होतं.

"हे कधीपासून?"

"तुला द्यायच्या आदीपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तं तू घेतलं नसतंस. आनि तू माज्यासमोर आईसारकी बसली होतीस."

इथपर्यंत मी कदाचित सोसलं असतं. सतराव्या वर्षी आईला तडफडताना पाहिलेली मुलगी होती ती. पण तेवढ्यात मला बडोद्याचा फोन आठवला. भाचीचं दप्तर आठवलं, त्यातला पंप, तिला दर तीन महिन्यांनी मुंबईच्या डॉक्टरकडे नेणारी ताई.

"मग तिला का नाही दिलंस?" मी विचारलं. "तुझ्या मुलीला?"

ताई पिठाच्या हाताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ती ल्हान होती."

भाची बत्तीस वर्षांची आहे. मी रिपोर्ट उचलला आणि निघाले. आयुष्यभर मी हेच समजत होते की ताईला दोन मुली आहेत, मी मोठी आणि भाची धाकटी. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर कळलं की एकच आहे.

जाताना एक मात्र मी दारातून सांगितलं होतं, आणि नीट सांगितलं होतं. एकदम बंद करू नकोस. जे घेतात त्यांची यादी कर, मी डॉक्टरांशी बोलते, हळूहळू कमी करावं लागेल. तिने मान डोलावली होती.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सगळं नाल्यात टाकून दिलं, म्हणाली. डबे, गोळ्या, पूड, सगळं. जो येईल त्याला बंद केलं म्हणून सांगते आहे. आता तरी तुझं समाधान झालं ना. मी ओरडले नाही. अंगात ओरडण्याएवढं बळ अजून नव्हतं. मी विचारलं, कोणकोण येऊन गेलं? तिने दोन-चार नावं सांगितली, आणि त्यात मावशींचं होतं. मावशी आदल्या दिवशीच रिकाम्या हाताने परत गेल्या होत्या.

मी मावशींना फोन लावला. सुनेने उचलला. म्हणाली, सकाळपासून उलट्या करतायत, उठता येत नाही, गावच्या डॉक्टरने पित्त सांगितलंय. त्यांचं चूर्ण त्याआधीच आठवडाभर संपलेलं होतं. मी तिला म्हणाले, पित्त नाही, आत्ताच्या आत्ता मी होते त्या इस्पितळात न्या, मी तिथे पोचते. सून घाबरली, पण तिने ऐकलं. त्याच तरुण डॉक्टर होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, ताईचं, माझं, मावशींना मीच नेलं होतं तेही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

मावशी वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेपाशी बसून मी त्यांना खरं काय ते सांगितलं, मला दोन-अडीच आठवडे आधी कळलं होतं आणि मी गप्प राहिले हेसुद्धा. त्यांनी माझा हात झिडकारला नाही. नुसत्या छताकडे पाहत म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या, म्हनून मी घेतलं, मॅडम."

ताईने मला दिलं ते ताईवरच्या विश्वासावर मी घेतलं. मावशींनी घेतलं ते माझ्यावरच्या. यापुढे मला ताईला काय काय सुनवायचं होतं ते सगळं त्या एका वाक्याने बोथट झालं. राग गेला नाही. त्याला टेकायला जागा राहिली नाही, इतकंच.

मग मी ताईकडे परत गेले आणि तिला रिक्षात बसवलं. ती नको म्हणत होती, लोक काय म्हणतील, सासरचं नाव जाईल. मी म्हणाले, चल. यादी नव्हतीच, तिला सगळं तोंडपाठ होतं. दोन दिवसांत आम्ही अकरा घरं फिरलो. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी प्रत्येकाच्या हातात द्यायचे आणि काय झालंय ते सांगायचे. पहिल्या घरी ताई खाली मान घालून उभी राहिली. दुसऱ्या घरी मी चप्पल घालत असताना मागून तिचा आवाज ऐकला. घरच्या बाईला ती सांगत होती की माज्या बहिनीला सोसलं नाय, म्हनून बंद करावं लागलं. मी परत आत गेले आणि ताईसमोर त्या बाईला गोळ्यांचं पुन्हा सांगितलं. ताईने नजर वर केली नाही. एका घरी म्हातारे गृहस्थ कागद बाजूला ठेवून म्हणाले, ते सगळं ठीक, पण एखादी पुडी असेल तर देऊन जा. अकरापैकी नऊ जण इस्पितळात गेले. दोघांनी आमच्या नादी लागायचं नाकारलं. त्यांचं पुढे काय झालं ते चौकशी करूनही मला नीट कळलेलं नाही.

आता मी रोज सकाळी उठल्या उठल्या एक गोळी घेते आणि दुपारी अर्धी. माझ्या शरीराने जे कॉर्टिसॉल स्वतः बनवायला हवं होतं, तेवढंच मोजून मापून. ताप आला तर दुप्पट घ्यायची. पर्समध्ये एक कार्ड असतं, मी बेशुद्ध सापडले तर काय टोचायचं ते लिहिलेलं. चेहऱ्याची सूज उतरली, साखरेची गोळी सुटली. पंप मी नियमाने घेते आणि तिसऱ्या मजल्यावर सावकाश चढते. दर तीन महिन्यांनी सकाळी आठ वाजता रक्त द्यायचं. त्या वेळी कॉर्टिसॉल सगळ्यात वर असायला हवं. पहिल्या दोन वेळा आकडा हललाच नाही. डॉक्टर म्हणाल्या, पाच वर्षं काम नव्हतं, त्या ग्रंथींना थोडा वेळ द्या. तिसऱ्या वेळी तो किंचित वर सरकला होता.

मावशी कामावर परत आल्या. बरण्या लख्ख असतात, सूक्ष्मदर्शक वेळेवर लागतात. डबा आणत नाहीत.

गेल्या महिन्यात ताई न सांगता माझ्या फ्लॅटवर आली. तीन जिने चढून आल्यामुळे तिलाही धाप लागली होती. सोफ्याच्या कडेवर बसली, इकडेतिकडे पाहिलं. मग विचारलं, "आतलं चालू झालं का तुझं?"

"थोडं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. गोळ्यांचं पाकीट टीपॉयवर होतं, ते तिने उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत होतं तसं ठेवलं. भाचीची मुलगी रांगायला लागली असं सांगितलं. मी ऐकलं. साडेबारा झाले होते. माझ्याकडे आमटीभात तयार होता आणि ताईच्या नाकापर्यंत त्याचा वास गेला असणारच. ती उठली, पदर सारखा केला, दाराशी जरा थांबली. जेवून जा, असं मी म्हणाले नाही.

जिन्यावर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. मी दार लावलं, पान वाढून घेतलं आणि दुपारची अर्धी गोळी पाण्याबरोबर घेतली.